तीन आचांची शेगडी

मला पाहायला झाशीची मंडळी साताऱ्याला आली तेव्हा मुलाने तोंडातून शब्द काढला नाही. मुलाच्या आईने गाणं येतं का, वाचनाची आवड आहे का, असं रीतसर विचारून घेतलं. मुलाच्या वडिलांचं लक्ष मात्र आतल्या दाराकडे होतं. आत माझी आई भाकऱ्या करत होती आणि तव्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे वळले.

"आपण फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंत म्हणे. मग सांगा, भाकरी आधी मधे करपते की कडेला?"

बाबांनी घाईघाईने पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. मी म्हटलं, "स्टोव्हवर असेल तर मधे. चुलीवर असेल तर जाळ जिथे लागेल तिथे."

"आणि तवा जाड घेतला तर?"

"मग उशिरा करपेल. उष्णता आधी पसरेल."

ते मुलाच्या आईला म्हणाले, "आता आणखी काय विचारायचं राहिलं?" मग बाबांकडे वळून, "आमच्याकडून पक्कं समजा." मुलाला कोणी विचारलंच नाही. तो मुलगा, म्हणजे आमचे हे, अजूनही सांगतात की माझं स्थळ त्यांनी नव्हे, तव्याने पसंत केलं.

लग्न होऊन झाशीला आले आणि त्या दिवसापासून मी त्यांना मामंजी म्हणू लागले. ते रेल्वेच्या कारखान्यात विजेच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओरछा गेटजवळच्या आमच्या घराच्या खालच्या खोलीत वर्कशॉप काढलं. हीटर, इस्त्री, गीझर, जे जे तापतं ते ते तिथे दुरुस्तीला येई. कोणी पंखा घेऊन आलं तर मामंजी हात जोडून म्हणत, "ये ठंडी चीज़ है भैया, आगे ले जाओ." गल्ली त्यांना हीटरवाले पंडितजी म्हणे. धोतर, त्यावर नोकरीतला जुना खाकी कोट. कोटाच्या डाव्या खिशात टेस्टर आणि पकड, उजव्या खिशात पापड.

पापड खायला नव्हे. कुठलाही तापलेला पत्रा दिसला की मामंजी त्यावर पापड ठेवत आणि जरा वेळाने उचलून खिडकीतल्या उजेडात धरत. जिथे डाग गडद तिथे आच जास्त, जिथे पांढरा तिथे कमी. "थर्मामीटर एका जागेचं सांगतो," ते म्हणत, "पापड सगळ्या मुलखाचा नकाशा काढून देतो." वर्कशॉपच्या भिंतीवर दोरीला असे नकाशे टांगलेले असत. अमक्याची इस्त्री, तमक्याचा हीटर, सगळे भाजलेले. सासूबाई उन्हाळ्यात गच्चीवर खपून पापड वाळवत आणि मग वर्षभर डबे लपवत. डबा धान्याच्या कोठीत ठेवा, देवघरामागे ठेवा, मामंजींना तो सापडे.

माणसंही ते अशीच जोखत. कोणी भांडून गेलं की म्हणत, "वाईट नाही हो तो. पत्रा पातळ आहे, लवकर तापतो." माझ्या थोरल्या दिरांविषयी म्हणत, "हा बिडाचा. तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की निवता निवत नाही." स्वतःच्या बायकोविषयी त्यांनी असं काही म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथे त्यांचा पापड पोचला नव्हता.

घरातली मराठी मला सुरुवातीला नवलाची वाटे. स्वयंपाकघराला सगळे मुदपाकखाना म्हणत. हा शब्द मी साताऱ्यात फक्त इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता, इथे सासूबाई म्हणायच्या, "धाकट्या सूनबाई, मुदपाकखान्यात जाऊन आच जरा धीमी करा, दूध फटेल." पेशव्यांच्या वेळचा शब्द आणि समोरच्या दुकानातली हिंदी एकाच वाक्यात नांदायची, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. वाक्यातला 'आच धीमी करा' हा भाग तर मला दिवसातून इतक्यांदा ऐकू येई की माझं नावच ते आहे असं वाटू लागलं.

कारण शेगडी एक आणि आम्ही तिघी. गॅसचा सिलिंडर संपला की दुसरा कधी येईल ते कोणाला सांगता येत नसे, म्हणून कोळशाची मोठी शेगडी सकाळी पेटे ती दुपारपर्यंत चाले. माझी भाकरी फणफणत्या आचेवरची. थोरल्या जाऊबाई ग्वाल्हेरच्या, त्यांचं सगळं मंद आचेवरचं. त्यांची डाळ तासन् तास शिजायची आणि खरोखर तशी डाळ मी पुन्हा कुठे खाल्ली नाही. आणि सासूबाईंचं दूध, जे ना या आचेवर तापायचं ना त्या. सकाळी थोरल्या भाऊजींना रेल्वेच्या ऑफिसला लवकर जायचं असे, आमच्या ह्यांना बिजलीघरात. दोन डबे, तीन बायका, एक शेगडी. मोठ्याने भांडण कधी झालं नाही. भांडी मात्र जरा जोरात ठेवली जात.

अशात एका संध्याकाळी थोरल्या भाऊजींनी सांगितलं की त्यांना रेल्वे कॉलनीत क्वार्टर मिळालं आहे आणि ते तिकडे जायचं म्हणत आहेत. हे बोलायला त्यांना बरेच महिने लागले असावेत, कारण बोलून झाल्यावर ते घामाने भिजले होते.

सासूबाई उठून आत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "या घरात वेगळी चूल कधी कोणी मांडली नाही."

मामंजींनी जाऊबाईंना समोर बसवलं. "थोरल्या सूनबाई, साफ सांगा. त्रास कशाचा आहे?"

जाऊबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. सासऱ्यांपुढे सून जेवढं बोलू शकते तेवढंच त्या बोलल्या. "त्रास कसला मामंजी, शेगडी एक पडते. मला आच मंद लागते, हिला जलद."

मामंजींचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, त्यांना काही आनंदाची बातमी मिळाली. "एवढंच? अहो, मग हा स्वभावाचा प्रश्नच नाही. हा आचेचा प्रश्न आहे!" त्यांनी मुलाला सांगितलं, "क्वार्टर घेऊन ठेव, पण सामान हलवू नकोस. मला संक्रांतीपर्यंत मुदत दे. एका शेगडीत तीन आचा देतो. ज्याची त्याला."

भाऊजी बिडाचे, पण बापाला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. सामान थांबलं.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी मला खाली बोलावलं. "सूनबाई, तुमचं फिजिक्स घेऊन या." सासूबाईंना हे पसंत नव्हतं, पण घर फुटण्यापेक्षा सूनबाई वर्कशॉपमधे गेलेली बरी, असा त्यांनी विचार केला असावा. त्या दिवसापासून दुपारची भांडी आवरली की मी खाली जाऊ लागले. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे महिने होते. कॉलेजात उष्णता हा विषय मी पाठ केला होता. इथे तो हाताला चटके देत होता.

पहिली शेगडी त्यांनी सरळ हिशेबाने केली. एक लांब लोखंडी पत्रा, त्याखाली तीन कॉइल, प्रत्येकीला आपलं बटण. डावीकडे जोराची आच, मधे मध्यम, उजवीकडे मंद. पत्रा तापल्यावर तीन पापड ओळीने ठेवले. बघता बघता मधला काळा पडला आणि बाजूचे दोन्ही त्याच्याकडच्या कडेने करपले. दोन्ही बाजूंची उष्णता मधे येऊन साठत होती.

"घुसखोरी चाललीय," मामंजी म्हणाले आणि त्यांनी आचांच्या मधे विटांच्या भिंती घातल्या. भट्टीच्या विटा, जाडजूड. सुरुवातीला भिंतींनी चांगलं काम केलं. मामंजी खूश होऊन वर चहा सांगायला गेले. ते परत येईतो भिंतीच तापल्या होत्या आणि दोन्हीकडे सारखी आच ओतत होत्या. पापडांचा नकाशा आधीपेक्षा वाईट आला.

ते काही दिवस भिंत जाड करत राहिले. मग एकदा मी म्हटलं, "मामंजी, भिंत किती का जाड करा, वर पत्रा तर एकच आहे. उष्णता त्यातूनच जाते. पत्राच कापला तर?"

"कापून?"

"मधे फट ठेवायची. हवा असली की उष्णता सहज पलीकडे जात नाही."

ते उठले, कोट अंगात अडकवून देवळात गेले. मला वाटलं, उद्धटपणा झाला. पण सकाळी मी जिना उतरले तर खालून हॅक्सॉचा आवाज येत होता, आणि मामंजी मान वर न करता म्हणाले, "पत्रा घट्ट पकडा सूनबाई, तुमचीच फट कापतोय."

आता तीन वेगळ्या शेगड्या झाल्या होत्या, खाली एका चौकटीला नटबोल्टांनी बसवलेल्या, मधे बोटभर फट. तीन पापड, तीन रंग. एक खमंग तपकिरी, एक बदामी, एक नुसता ऊब लागलेला. मामंजींनी ते तिन्ही पापड फ्रेम करायला दिले. फ्रेमवाल्याने विचारलं, "पंडितजी, जे कौन के फोटू आँय?" मामंजी म्हणाले, "घर के ही हैं."

आता कॉइल बसवायला चांगल्या खाचांच्या मातीच्या तबकड्या हव्या होत्या. बाजारातल्या तबकड्यांच्या खाचा मामंजींना जवळ जवळ वाटत. त्यांच्या ओळखीचा एक कुंभार एरचला होता. बेतवेच्या काठची माती आचेला दगा देत नाही, असं मामंजींचं मत होतं. एरचला जायचं ठरलं तेव्हा ते म्हणाले, "दोघी सुना चला. शेगडी तुमची आहे." सासूबाईंनी घर सांभाळायचं म्हणून येण्याचं टाळलं.

एरचला कुंभाराने तबकड्या आधीच भाजून ठेवल्या होत्या. मामंजी एकेक उचलून, टिचकी मारून आवाज ऐकत बसले. ते संपेना, तेव्हा कुंभाराच्या बायकोने जाऊबाईंना जेवणाचं विचारलं, "बिन्ना, रोटी इतई खा लियो. गकरिया बना लें?" आणि जाऊबाई एकदम म्हणाल्या, "मैं बनाऊँगी."

गकरिया म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत निखाऱ्यावरच भाजलेल्या वांग्याचं भरीत. नदीच्या बाजूला, मोकळ्या अंगणात जाऊबाई निखारे पसरून बसल्या. घरी कधी मान वर न करणारी ही बाई तिथे पदर खोचून गात होती. गोळा उलटावा तर चिमट्याऐवजी बोटांनी. कुंभाराच्या बायकोशी ती अशा काही गप्पा मारत होती की मला एकदम जाणवलं, हिचं वय माझ्यापेक्षा फार जास्त नाही.

मामंजींनी पहिली गकरिया फोडली. तोंडात घातली. डोळे मिटले. "थोरल्या सूनबाई, बाहेरून खरपूस, आत ओलावा. ही घरी अशी का होत नाही?"

जाऊबाई हसत म्हणाल्या, "घरी मी एकटी कधी असते मामंजी?"

"म्हणजे शेगडीवर गर्दी. बरोबर. तेच तर दुरुस्त करतोय." त्यांनी दुसरी गकरिया घेतली.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. परतीच्या बसमधे मामंजी तबकड्या तान्ह्या बाळासारख्या मांडीवर घेऊन बसले होते आणि जाऊबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. गाणं थांबलं होतं.

शेगडी तयार झाली ती संक्रांतीच्या जरा आधी. बटणं म्हणून मामंजींनी जुन्या रेडिओचे काळे नॉब बसवले होते. पहिल्या दिवशी गल्लीतले लोक जमले. शेजारच्या चाची आपलं वांगंच घेऊन आल्या, आमच्या भट्टीवर भाजून घ्यायला. मामंजींनी तिन्ही नॉब फिरवले. कॉइल लाल होऊ लागल्या, लोकांनी "वाह पंडज्जी!" म्हटलं, आणि आख्ख्या गल्लीचे दिवे गेले.

अंधारातून चाचींचा आवाज आला, "काए पंडज्जी, तुमाई भट्टी ने हमाई बत्ती खा लई!"

सगळ्यात कुचंबणा झाली ती आमच्या ह्यांची. गल्ली तक्रार घेऊन बिजलीघराकडे निघाली, तर बिजलीघराचे ज्युनिअर इंजिनिअर गर्दीतच, हातात मिठाची वाटी घेऊन उभे. "जेई साहब, शिकायत लिख लो," कोणीतरी म्हणालं, "आरोपी आपके पिताजी हैं." ह्यांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः उभं राहून घरात जाड वायर टाकून घेतली आणि वडिलांकडून वचन घेतलं की संध्याकाळी, गल्लीभर दिवे लागतात त्या वेळी, शेगडी पेटणार नाही.

मग तो रविवार आला. सकाळची वेळ. शेगडी वर मुदपाकखान्यात आणून ओट्यावर मांडली होती. डावीकडे मी भाकरीला, उजवीकडे जाऊबाई गकरियांना, मधे सासूबाई दुधाला. मामंजी कोट घालून दारात उभे. थोरले भाऊजी आणि हे बाहेर पाटावर. प्रत्येकीने आपापला नॉब फिरवला.

आणि खरंच चाललं की! माझी भाकरी फुगली. मधे दूध हळूहळू साय धरत होतं. उजवीकडे गकरियांना निखाऱ्यावर भाजल्यासारखा रंग येत होता. मी मामंजींकडे बघून हसले. त्यांनी खिशातून पापड काढायला हात घातला, बहुधा आनंदाने.

तेवढ्यात सासूबाईंनी दुधावरची नजर न हलवता उजवा हात लांब केला आणि जाऊबाईंचा नॉब कमी केला. "एवढी आच कशाला."

थोड्या वेळाने जाऊबाईंनी तो परत होता तिथे आणला. सासूबाईंनी डाव्या हाताने माझा कमी केला. मग पुन्हा उजव्या हाताने जाऊबाईंचा. आपण काही करतोय हे सासूबाईंना ठाऊकही नव्हतं. वर्षानुवर्षं ते हात तसे फिरत आले होते. शेगडी एक होती तेव्हा ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं, एवढंच. जाऊबाईंच्या गकरिया मधे कच्च्या राहिल्या. त्यांनी एक फोडून पाहिली, पानात ठेवली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मामंजी दारातून हे बघत होते. खिशात घातलेला हात तिथेच राहिला होता. त्यांनी पुढे येऊन भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला.

"काय झालं?" सासूबाई दचकल्या. "लाईट गेली?"

"नाही," मामंजी म्हणाले. "मी चुकलो. थोरल्या सूनबाई, तुम्ही एरचला मला सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. हा आचेचा प्रश्न नव्हता."

बाहेर भाऊजी पाटावरून उठून उभे राहिले.

"तुम्ही क्वार्टरवर जा," मामंजी म्हणाले. "रुसून नाही, भांडून नाही. मी सांगतोय म्हणून जा."

जाऊबाई पदराने डोळे पुसून खाली वाकल्या, त्यांच्या पाया पडल्या. मग सासूबाईंच्या. सासूबाईंनी आशीर्वाद दिला, पण कोणाकडे न बघता.

त्या आठवड्यात मामंजी वर्कशॉपमधून फारसे वर आले नाहीत. जायच्या दिवशी टांगा दाराशी आला, सामान चढलं, आणि शेवटी मामंजी मुदपाकखान्यात पाना घेऊन आले. त्यांनी उजवीकडच्या आचेचे नटबोल्ट काढले. शेगडीचा तो भाग तबकडीसकट, कॉइलसकट अलगद सुटून हातात आला.

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "माझ्या डोळ्यांदेखत चूल फोडलीत."

"फोडली कुठे?" मामंजी म्हणाले. "नटबोल्ट काढलेत. वाटलं तर परत बसतील." आणि तो भाग पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, ते स्वतः टांग्यात बसले. सून वेगळी चूल मांडायला निघाली आणि सासरा चूल पोचवायला, असं ओरछा गेटने याआधी पाहिलं नव्हतं. चाची ओट्यावरून म्हणाल्या, "पंडज्जी, तुम तो मोंड़ी की बिदा कर रए!" मामंजींनी टांग्यातून मान हलवली. म्हणाले, "हओ, बिटिया ही तो है."

तिथे पोचल्यावर त्यांनी जाऊबाईंना एक गंमत दाखवली. आदल्या आठवड्यात त्यांनी नॉबचा स्क्रू काढून टाकला होता. नॉब आता नुसता ओढला की किल्लीसारखा निघे. "आच लावा आणि हा काढून घ्या," ते म्हणाले. "मग ती कोणाला बदलता येणार नाही. मलाही नाही." जाऊबाईंनी तो नॉब कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला.

शेगडीची बातमी मात्र कशी कोण जाणे, बाहेर गेली. समथरचा एक हलवाई चौकशीला आला. म्हणाला, "सुना है आप तीन मिज़ाज की भट्टी बनाते हैं." मामंजींनी त्याला चार आचांची करून दिली, आणि प्रत्येक नॉब काढता येण्याजोगा. हलवाई म्हणाला, नॉब सैल आहेत. मामंजी म्हणाले, "घर में कितने लोग हैं?" हलवाई म्हणाला, "चार भाई." मामंजी म्हणाले, "तो ठीक हैं."

घरात सासूबाई गप्प गप्प होत्या. जाऊबाई दर सणाला येऊन नमस्कार करून जात, पण सासूबाई कॉलनीत पाऊल ठेवत नव्हत्या. उन्हाळा आला, पापड झाले. त्या वर्षी डबा लपवला गेला नाही. शेवटी एक दिवस सासूबाई मला म्हणाल्या, "थोरलीकडे पापड पोचवायचे आहेत. तुम्ही दोघं जाणारच असाल तर मी पण येते. नुसती बसेन."

जाऊबाईंचं क्वार्टर दोन खोल्यांचं, पण लख्ख. मामंजींसह आम्ही सगळे गेलो तेव्हा त्या गकरियाच करत होत्या. त्यांनी सासूबाईंचा हात धरून त्यांना शेगडीशेजारीच पाटावर बसवलं. सासूबाई बसल्या आणि बसताक्षणी त्यांचा हात शेगडीकडे गेला. तिथे नुसता लोखंडी दांडा होता.

"याचं बटण कुठे गेलं?"

जाऊबाईंनी कमरेच्या जुडग्यावर हात ठेवला. सासूबाईंनी जुडग्याकडे पाहिलं, मग मामंजींकडे. मामंजी वर पंख्याकडे बघत होते, जणू पंख्यात त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रस वाटला होता. मला वाटलं, आता सासूबाई उठतात. पण त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. "यांचं काम! यांचंच काम हे!"

तेवढ्यात जाऊबाईंनी शेगडीवरची गकरिया उचलली, फोडली, तुपात बुडवली आणि सासूबाईंच्या पानात ठेवली. आमच्या कोणाच्याही आधी. सासूबाई "अगं, आधी ह्यांना वाढ" म्हणाल्या, पण जाऊबाईंनी ऐकलं नाही. सासूबाईंनी घास घेतला आणि चटका बसून हात झटकला. फुंकर घालून पुन्हा घेतला. मग त्या सहज, हवापाण्याविषयी बोलावं तशा म्हणाल्या, "गरम छान लागते गं. मला ठाऊकच नव्हतं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय? सगळ्यांचं होऊन मी बसेपर्यंत सगळं निवलेलंच असायचं. लग्न झालं तेव्हापासून. शेगडीवरचं उतरून थेट पानात, असं माझ्या वाट्याला कधी आलंच नाही." आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त ऐकू आलं. मामंजींची नजर पंख्यावरून खाली आली. हा माणूस चहाच्या पेल्याला बाहेरून हात लावून आतल्या चहाचं तापमान सांगत असे. ते बराच वेळ बायकोच्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला. खिशातला पापड मोडल्याचा आवाज झाला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. ते शेगडीपाशी येऊन उकिडवे बसले.

"थोरल्या सूनबाई, जरा सरका," ते म्हणाले. "हे उलटायचं कसं ते मला दाखवा."

जाऊबाईंनी चिमटा दिला. मामंजींनी पहिली गकरिया निव्वळ कोळसा केली. दुसरी आत कच्ची राहिली. आयुष्यभर आच जोखणाऱ्या माणसाला कणकेचा अंदाज येईना. आम्ही दोघी हसून लोळायच्या बेतात होतो. तिसरी मात्र बरी निघाली. त्यांनी ती तुपात बुडवून, दोन्ही हातांनी, सासूबाईंच्या पानात वाढली.

सासूबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, एक तुकडा मोडून तोंडात घातला, आणि बराच वेळ चावत राहिल्या. मामंजी परीक्षेला बसलेल्या पोरासारखे समोर थांबले होते.

"तूप कमी आहे," सासूबाई म्हणाल्या. आणि मग, पान पुढे सरकवत, "आणखी एक वाढा."